तिसरी पुकार आणि सकाळची गाडी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत लग्न ठरलं की तीन रविवार देवळात पुकार व्हायची. पाळक व्यासपीठावरून मुलाचं नि मुलीचं नाव वाचायचे, या लग्नाला कुणाची हरकत असेल तर आताच सांगा म्हणायचे, आणि डोळे मिटून उभे राहायचे. किती वेळ? प्रभूची प्रार्थना मनातल्या मनात एकदा संथपणे म्हणून होईल इतका. बाकीच्यांना तो वेळ जांभई देण्यापुरता वाटे. जिच्या नावाची पुकार असे तिला विचारा! पहिल्या रविवारी माझं नाव वाचलं गेलं, तेव्हा मी ती प्रार्थना अशी धडाधड म्हणून टाकली की आमेनला पोचून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली, तरी पाळकांचे डोळे मिटलेलेच.

कुणी उठलं नाही. बाहेर आल्यावर बायकांनी मला घेरलं. मला बाविसावं चालू होतं, धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मी दुसरीला शिकवत होते, आणि या बायकांच्या मते माझी गाडी केव्हाच सुटून गेली होती. आता त्याच माझी हनुवटी धरून कौतुक करत होत्या. करेनात का! मी त्या दिवशी कुणावरही रागावू शकत नव्हते. घरी जाताना मी जवळजवळ पळतच सुटले, आणि आई मागून ओरडली, "अगं, रविवार आहे!" आमच्याकडे रविवारी पळणंही चालत नसे.

आमचा रविवार काय होता ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

माझे वडील, आम्ही आणि सगळी मंडळी त्यांना आबा म्हणायची, मुलांच्या शाळेत मास्तर होते आणि मंडळीत वडील, म्हणजे पाळकांच्या खालोखाल ज्यांचा शब्द चालतो अशा चौघांपैकी एक. त्यांच्या लेखी बायोस्कोप पाप, पत्ते पाप, केसांत गजरा पापाचा धाकटा भाऊ, आणि चहा पापाच्या उंबऱ्यावर उभा. पण सगळ्यांत मोठा होता शब्बाथ, म्हणजे रविवारी कामाला हात न लावण्याचा नेम. शनिवारी दिवे लागायच्या आत पाणी भरून, लाकडं फोडून, बुटांना पॉलिश करून, रविवारच्या भाकऱ्या थापून झाल्या पाहिजेत. रविवारी चूल पेटायची नाही, सुई धरायची नाही, बाजारात जायचं नाही, वर्तमानपत्र उघडायचं नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची शिळी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि दिवसभर पवित्र विचार. पवित्र विचार मला भाकरीपेक्षाही जड जायचे. शेजारच्या शेतकऱ्याची बायको कुंपणावरून विचारायची, "मास्तरीणबाई, तुमनाकडे दर रविवारे शिळी सातम शे का व?" शिळी सातम म्हणजे चूल न पेटवता शिळं खायचा त्यांचा सण; आई हसायची. आबा हसायचे नाहीत.

त्यांना हसू येत नसे याला कारण होतं. माझे आजोबा सोनगीरजवळच्या खेड्यातले. ख्रिस्ती झाले तेव्हा भावांनी त्यांना शेतातून काढलं नाही, फक्त एक अट घातली की पेरणीच्या दिवसांत रविवारीही औत धरायचं. आजोबांनी बैल सोडले आणि चालत धुळ्याला आले. आबा तेव्हा सहा वर्षांचे होते आणि आजोबांच्या खांद्यावर होते. जमीन गेली, घर गेलं, भावकी गेली. त्या बदल्यात हातात आला तो हा रविवार. मग तो आबा जिवापाड सांभाळणार नाहीत तर काय?

आणि घंटा आबांची होती. देवळासमोरच्या कडुनिंबाखाली दोन खांबांमध्ये टांगलेली, आवाजाला खणखणीत. तिच्या दोराला आबांखेरीज कुणी हात लावायचा नाही. देवळात भिंतीवर घड्याळ होतं, पण त्यात बारा महिने सव्वाचार वाजलेले. आबांची वेळ ठरलेली होती: चाळीसगावहून सकाळची गाडी यायची, ती धुळ्याच्या अलीकडच्या वळणावर लांब शिटी द्यायची, आणि शिटी ऐकली की आबा दोर ओढायचे. पंचवीस वर्षं असंच चाललं होतं. आम्हाला ती शिटी कोंबड्याच्या आरवण्यासारखी झाली होती. ती कोण वाजवतं असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आता नवरा मुलगा. तो जळगावच्या स्टेशनावर तारबाबू होता. आसपासच्या मंडळ्यांचा मेळा त्या वर्षी जळगावला भरला होता, तिथे मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. तो कामावरून थेट आला होता, अंगात रेल्वेचा काळा कोट, आणि उभ्या उभ्या चार भाकऱ्या खाऊन त्यानं माझ्याकडे पाणी मागितलं. मी तांब्या दिला. तो म्हणाला, "तुम्ही धुळ्याच्या ना? तुमची बाजू गाण्यात अर्धा ताल पुढे पळते." मी म्हटलं, "तुमची मागे रेंगाळते, म्हणून तसं वाटतं." तो असा मोकळा हसला की पलीकडचे दोन पाळक वळून बघायला लागले. मला तो आवडला. आता या वयात हे सांगायला कसली भीती?

महिन्याभरात त्याच्याकडून रीतसर विचारणा आली. तो आईला घेऊन आमच्याकडे आला, तेव्हा आबांनी त्याला दूध दिलं आणि शब्बाथ पाळायला सांगणारी चौथी आज्ञा म्हणायला लावली. त्यानं ती एक शब्द न चुकता म्हटली.

"आणि पाळता?" आबांनी विचारलं.

"महिन्यात दोन रविवार ड्यूटी असते," तो म्हणाला. "त्या दिवशी नाही पाळता येत."

आईनं पदर तोंडाला लावला. मी दाराआड होते. त्यानं थोडं गोल गोल बोलायला काय हरकत होती? पण नाही, हा आपला सरळ तारेसारखा! आबांनी दुधाचा पेला उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मुलगा चांगला आहे. पण माझी मुलगी शब्बाथ मोडणाऱ्या घरात जाणार नाही. रविवार सोडवून घ्या. पुकार सुरू करू. तिसऱ्या पुकारीच्या आत मला लेखी कळवा. नाहीतर मीच उभा राहीन. माझी मुलगी म्हणून बसून राहणार नाही."

हे नुसतं बोलणं नव्हतं. आबा पूर्वी एकदा उभे राहिले होते, तेही स्वतःच्या सख्ख्या पुतण्याच्या पुकारीला, कारण तो भडगावच्या बाजारात दारू पिऊन पडलेला सापडला होता. ते लग्न मोडलं. ती मुलगी पुढे दुसऱ्या जिल्ह्यात नर्स होऊन गेली आणि बिनलग्नाची राहिली. पुकारीत मोडलेलं लग्न आमच्यात पुन्हा कुणी जुळवत नसे.

तरी पहिला रविवार मी हवेत घालवला, दुसराही. साहेबाशी बोलणं चाललंय, सोबत्याशी अदलाबदल होईल, असं त्याच्या आईनं कळवलं होतं. मी शाळेत मुलींना पाढे सांगताना मधेच हसायची. एक मुलगी म्हणाली, "बाई, सात साते हसण्यासारखं काय आहे?" मी तिला म्हटलं, तुला नाही कळणार, एकोणपन्नास फार गोड आकडा आहे.

तिसऱ्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी पत्र आलं. आबांनी ते संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत, शास्त्रभाग वाचावा तसं मोठ्यानं वाचून दाखवलं. साहेबांनी रविवार द्यायला नकार दिला होता. एक सोबती अदलाबदलीला तयार होता, पण त्याच्या घरी मूल आजारी, आपला भार त्याच्यावर टाकणं मला बरं वाटलं नाही, असं त्यानं लिहिलं होतं. खोटं लिहून मला लग्न करायचं नाही. आपण उभे राहिलात तरी माझ्या मनात राग असणार नाही. मुलीला मात्र सांगावं, की मी माघार घेतलेली नाही.

आबांनी पत्राची घडी केली, बायबलात ठेवली आणि म्हणाले, "आता प्रार्थना करू." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला काय वाटलं सांगू? आधी आनंद झाला! माघार घेतलेली नाही! असं कुणी माझ्यासाठी कधी लिहिलं नव्हतं. आणि मग त्याच आनंदातून असा संताप उसळला की रात्रभर मला अंथरूण टोचत होतं. शनिवारी दुपारी रविवारच्या भाकऱ्या मी इतक्या जोरात थापल्या की पहिलीला तव्यावर पडायच्या आधीच भोक पडलं. आई म्हणाली, "भाकरीनं तुझं काय घोडं मारलंय?"

आबा ओट्यावर बूट पुसत होते. मी पिठाच्या हातांनीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"उद्या उभे राहणार?"

"शब्द दिलाय."

"कुणाला?"

"देवाला."

"देवानं मला विचारलं होतं का?"

आबांनी बूट खाली ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या बापानं या दिवसासाठी जमीन सोडली. मी मुलीसाठी तो दिवस सोडू?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याचाच तर राग होता. आत जाऊन मी उरलेल्या सगळ्या भाकऱ्या थापल्या, आणि एकही गोल झाली नाही.

रविवार उजाडला तो झडीत. दोन दिवस आभाळ उघडलं नव्हतं, सूर्याचा पत्ता नाही, किती वाजले ते सांगायला काही साधन नाही. आम्ही देवळात पोचलो तेव्हा आबा कडुनिंबाखाली दोर धरून उभे होते, टोपीवरून पाणी गळतंय. मंडळी ओसरीत जमत गेली. गाडी काही येईना. मुलं कंटाळली, तान्ही रडायला लागली, बायकांनी निम्म्या मंडळीची दुखणीखुपणी बोलून संपवली. खेडोपाडी फिरून बायकांना वाचन शिकवणारी आमची म्हातारी अक्का भिंतीला टेकून पेंगायला लागली. तरी आबा तसेच.

शेवटी पाळक डोक्यावर पोतं घेऊन बाहेर गेले. "आबा, वाजवा आता. लोक आलेत."

"गाडी आली नाही."

"गाडीचं काय घेऊन बसलात?"

"वेळ गाडीची आहे," आबा म्हणाले. "पंचवीस वर्षं गाडी आल्याशिवाय घंटा झालेली नाही."

मी ओसरीच्या कडेला होते. ते वाक्य मी ऐकलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा! इतकी वर्षं हे आमच्या समोर उभं होतं! मला हसावं का ओरडावं कळेना. माझे पाय माझं ऐकेनात. आई "अगं, अगं" करेपर्यंत मी पावसात उतरून आबांसमोर उभी होते.

"आबा, गाडी यायची नाही."

"का?"

"आज रविवार आहे. ड्रायव्हर घरी बसला असेल. गार्ड बसला असेल. तारबाबूपण बसला असेल. सगळे आपल्यासारखे देवभीरू झाले असतील. मग तुमची घंटा कशी वाजणार?"

ओसरीतल्या सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. आबांच्या मुलीनं, तेही चारचौघांत, तेही उपासनेच्या आधी! आबा माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या वर्गात येऊन पाढा चुकीचा म्हटलाय आणि तो बरोबर निघालाय. एवढ्यात मागून अक्काचा आवाज आला. ती जागी झाली होती. "पोर खरं बोली राहिनी, आबा! गाडी काय आपोआप येस का?"

आणि तेव्हाच शिटी झाली.

वळणावरची ती लांब शिटी, पावसातून भिजत आलेली. कुठेतरी रुळावर पाणी चढलं होतं, असं मागून कळलं. आबांचे हात सवयीनं वर गेले. दोर ताठ झाला. आणि हात तिथेच थांबले. शिटी विरून गेली, गाडीची धडधड स्टेशनाकडे गेली, तरी आबांनी दोर ओढला नाही. त्यांनी तो सोडला, कोटानं हात पुसले आणि माझ्या शेजारून आत निघून गेले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आमची उपासना बिनघंटेची सुरू झाली.

हे मी काय करून बसले? माणूस आधीच शब्दाचा पक्का, त्यात मी त्याला सगळ्या मंडळीसमोर टोमणा मारलेला. आता तर ते उभे राहणारच! पहिलं गीत झालं, प्रार्थना झाली, दुसरं गीत झालं. धुळ्याची बाजू त्या दिवशी ताल सोडून कुठे पळत होती देव जाणे. मग पाळकांनी कागद उघडला. त्याचं नाव वाचलं. माझं नाव वाचलं. ही तिसरी आणि शेवटची पुकार, कुणाची हरकत असेल तर आताच सांगा. डोळे मिटले.

या वेळी मी प्रार्थना सुरूच केली नाही. मी वडिलांच्या बाकाकडे टक लावून बसले होते. म्हणून बाक करकरण्याच्या आधीच मला दिसलं. आबा उठत होते.

आईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. पाळकांनी डोळे उघडले. "आबा... हरकत?"

"हरकत नाही," आबा म्हणाले. "कबुली आहे."

आमच्यात ज्यानं उघड पाप केलं, त्यानं मंडळीसमोर उभं राहून कबुली द्यायची रीत होती. आबांनी आजवर कितीतरी जणांना असं उभं केलं होतं. दारुड्याला, पत्तेवाल्याला, बायोस्कोपला जाऊन आलेल्या दोघा शिक्षकांना. ते स्वतः कधी उभे राहिले नव्हते.

"पंचवीस वर्षं," ते म्हणाले, "मी रविवारची घंटा रविवारी राबणाऱ्यांच्या शिटीवर वाजवली. ते जागचे हलले नसते तर तुम्ही वेळेवर इथे आला नसता. त्यांच्याच जिवावर मी शब्बाथ पाळला, आणि त्यांनाच शब्बाथ मोडणारे म्हटलं. आज हे मला माझ्या मुलीनं पावसात उभं राहून सांगितलं. मला राग यायला हवा होता. लाज आली." ते थांबले. मास्तर माणूस, कधी अडखळत नसत, तेव्हा अडखळले. "माझ्या घरात रविवारी चूल पेटणार नाही. माझ्या बापाचा रविवार मी सोडलेला नाही, सोडणारही नाही. पण त्या मुलाला खोटं लिहिता आलं असतं, त्यानं लिहिलं नाही. अशा माणसाला मुलगी द्यायला मला हरकत नाही." मग टोपी सारखी करत ते पुढे म्हणाले, "एकच अट. ड्यूटी असो नसो, रविवारी त्याच्या डब्यात शनिवारचीच भाकरी जाईल."

सगळं देऊळ हसलं. पाळकही हसले. मी रडत होते की हसत होते ते आईला विचारा, मला आठवत नाही. ती अट मात्र मी आजतागायत पाळली आहे, आणि माझा नवरा दर ड्यूटीच्या रविवारी डबा उघडून सासऱ्याच्या नावानं बोटं मोडत आला आहे.

मला वाटलं, झालं, आता आबा बसतील. ते बसले नाहीत. "घंटा राहिली आहे," म्हणाले आणि उपासना चालू असताना सरळ बाहेर निघाले. आम्ही कान लावून बसलो. एक टोल पडला. दुसरा पडेना. मग दारातून त्यांचा आवाज आला, वर्गात हाक मारावी तसा, माझं नाव घेऊन.

मी गेले. पाऊस जरा उघडला होता. आबांनी दोर माझ्यापुढे धरला. तो दोर, ज्याला मी पाच वर्षांची असताना हात लावला म्हणून चापट खाल्ली होती.

"घे," ते म्हणाले. "शिटी तुझ्या सासरची होती. घंटा माहेरची आहे. ओढ."

मी दोन्ही हातांनी धरून ओढला. अंगातला सगळा जीव लावून ओढला. कडुनिंबावरचं पाणी आमच्या दोघांच्या अंगावर कोसळलं, शेजारची शेतकरीण काय पेटलं म्हणून देवळाच्या कुंपणाशी धावत आली, मुलं देवळातून बाहेर उड्या मारत आली, आणि मी थांबेना. पाळक दारात आले. "पुरे आता बाई! माझा उपदेश राहिलाय अजून."

आबांनी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. "अजून ओढ," ते मला म्हणाले.